एकटी पुटपुटणारी बाई

"घाबरू नकोस. जरा घुमून दाखव."

सर माईकवर हे म्हणाले आणि अख्खा हॉल हसला.

मी कविता म्हणायला उभी होते. पहिल्यांदाच. नंदुरबारचं कॉलेज, स्नेहसंमेलन, समोर पाहुणे. मराठीचे सर माझी ओळख करून देत होते. म्हणाले, "ही आमची सातपुड्यातली भगतीण. झाडाखाली एकटीच पुटपुटत बसते. अंगात आलं की कविता लिहिते!" आणि मग ते घुमायचं.

मी पाठ केलेली कविता साफ विसरले. खाली उतरले तर मागून एकजण ओरडला, "ए भगतीण, मी पास व्हसू का?" परत हशा.

मी पुटपुटते, हे खरं. आमच्या घरात पावरी बोलतात. आई शेत निंदताना गाणं जुळवते. ते कागदावर नसतं, जिभेवर असतं. माझंही तसंच. ओळ आधी तोंडात घोळवते, नीट बसली की मग लिहिते. यात अंगात यायचं काय आलं?

कुणीतरी त्या प्रसंगाचा व्हिडिओ केला होता. या फोनवरून त्या फोनवर जात तो धडगावच्या वर आमच्या पाड्यापर्यंत पोचला. शहरात जे हसण्यावारी गेलं, ते इथं माझ्या जिवावर उठलं. पाड्यावर कुणी हसलं नाही. कॉलेजचे सर सांगतात, म्हणजे खोटं कसं असेल?

त्याच आठवड्यात शेजारच्या काकीची दुभती म्हैस मेली. पाठोपाठ काकीला ताप. घरच्यांनी बडव्याला बोलावलं. बडवा म्हणजे आमचा भगत. त्यानं सुपात दाणे टाकले, पुटपुटला, डोळे मिटून घुमला. मग म्हणाला, "एकटी पुटपुटणारी बाई आहे." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

डाकण, म्हणजे चेटकीण. हा शब्द आमच्याकडे हळू बोलतात. डाकण ठरलेल्या बाईचं काय करतात ते मी लहानपणी पाहिलंय. ते इथं सांगणार नाही. मला सांगवत नाही.

काय भ्यायले मी! पाण्याला जाताना कुणाच्या दाराकडे बघायची हिंमत होईना. ज्या काकीनं मला मांडीवर खेळवलं, ती मला बघून नातीला आत ओढायला लागली. आईनं तर माझ्यापुढे हात जोडले. "पोरी, तोंड मिटून ठेव. ओठ हलू देऊ नकोस." मी ओठ दाताखाली धरून फिरायची. एक ओळ सुचेना.

राग आला तो नंतर. बडवा पुटपुटला तर त्याला कोंबडा आणि मोहाची दारू. मी पुटपुटले तर दगड. आणि त्या बडव्याचं तरी काय? नड असली की बोलवायचं, काम झालं की त्याच्या वाटेला जायचं नाही. शहरातले लोक आम्हां लिहिणाऱ्यांना असंच वागवतात. एक दिवस हार घालायचा, बाकीचे दिवस वेडी म्हणायचं.

पंच बसले. पाड्याचे कारभारी म्हणाले, "हातात दाणे घे आणि आण घे. लिहिणार नाही, पुटपुटणार नाही. मग तुला कुणी काही करणार नाही." मी हात पुढे केला. जीव कुणाला नको असतो? दाणे मुठीत आले आणि तोंडातून निघालं, "नाही घेणार."

आवाज चिरकला माझा. दाणे परत सुपात ठेवले. वाटलं, आता कुणीतरी उठेल. कुणी उठलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

सकाळी आईला घेऊन जीपनं खाली उतरले. आधी कॉलेज. सरांना म्हटलं, "पाड्यावर चला. गंमत केली होती, एवढं लोकांसमोर सांगा."

सर हसले. "अगं, किती मनाला लावून घेतेस? कलावंत माणसं वेगळीच असतात. कौतुकच केलं ना मी?"

कौतुक! तिथून थेट पोलीस ठाणं गाठलं. हवालदारानं विचारलं, हे सुरू कुणी केलं? मी सरांचं नाव सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

"त्या सर शेतस, बेटा. शिकेल माणूस. त्यास्नं नाव कसाले? बडवानं नाव सांग."

"त्याचंही सांगते. कारभाऱ्यांचंही सांगते. पण आधी सरांचं लिहा. बडवा डोळे मिटून बोलला. सर उघड्या डोळ्यांनी बोलले."

त्यानं पेन परत उचललं. आम्ही घरी परतलो. पाड्यावर आमच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. आई दिवसाढवळ्या दाराला आतून लाकूड लावते. सरांचा निरोप आलाय, "नाव मागे घे, तुझी परीक्षा जवळ आली आहे."

नाव मागे घेणार नाही. लिहिणं सोडणार नाही. उद्या मला काही झालं, तर सुरुवात कुठून झाली ते ठाण्यात लिहिलेलं आहे, आणि खाली माझी सही आहे.