किल्ली लागली म्हणून नेलेली गाडी

सीसीटीव्हीच्या पडद्यावरचा चोर विलक्षण सावकाश वागत होता. त्याने औषधांची पिशवी हँडलला अडकवली, उपरण्याने सीट पुसली, खिशातून किल्ली काढली आणि काळी मोटरसायकल सुरू करून गेटपाशी आणली. आमचा वॉचमन पांडुरंग याने त्याला हात जोडले आणि साखळी सोडली.

"बघा, नमस्कार करतोय चोराला," गाडीचे मालक सोपानराव म्हणाले. ते भिगवणचे मासळीविक्रेते. "सामील हाय ह्यो."

बारामतीतील एका खासगी रुग्णालयात मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. पाठशाळेत शिकलेल्या माणसाने पार्किंग सांभाळावे, याचे लोकांना नवल वाटते. दुसऱ्याची वस्तू राखणे ही माझ्या लेखी सेवाच आहे. पण त्या दिवशी भगवंताने माझ्या सहनशीलतेची कसून परीक्षा घेतली.

मॅनेजरसाहेबांनी निर्णय सुनावला, "संध्याकाळपर्यंत गाडी आली नाही, तर पांडुरंगला कामावरून काढा आणि पोलिसांत त्याचे नाव द्या."

मी पांडुरंगला बाजूला घेतले. आमच्याकडे टोकनची जोडी असते. एक गाडीला लटकवायचे, दुसरे मालकाजवळ. बाहेर पडताना दोन्हींचे नंबर जुळले, तरच साखळी सोडायची.

"नंबर पाहिलेस का?"

"न्हाय सर. टोकन दिलं त्यांनी. एवढं वयस्कर माणूस, त्येंना कसं इचारायचं, गाडी तुमचीच हाय का म्हणून? बरं दिसतं का ते?"

मी मनातल्या मनात नामस्मरण केले.

त्या माणसाने दिलेले टोकन डब्यात होते. त्याची जोडी शोधत मी रांगांमधून हिंडलो. ती तिसऱ्या रांगेत एका काळ्या मोटरसायकलला लटकत होती. तेच मॉडेल, तोच रंग. मागच्या मडगार्डवर ठळक अक्षरांत 'निरवांगी' असे गावाचे नाव रंगवले होते.

निरवांगीच्या एक आजी वॉर्डात पायाला प्लास्टर घालून पडल्या होत्या. मी सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "आमचंच म्हातारं. डोळ्याला दिसतं त्यांना. बघायचं न्हाय फक्त." त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला.

"आबा, आपण कोणाची गाडी नेलीत?"

"माझीच की. दुसऱ्याची कशाला नेऊ?"

"जरा नंबर वाचता का?"

"नंबर कशाला? किल्ली लागली, किक बसली, घरी आली. दुसऱ्याची असती तर आली असती का?"

लॉकमध्ये लहान धातूच्या पट्ट्या असतात. योग्य किल्लीच्या दातांनी त्या ठरावीक उंचीवर आल्या की लॉक फिरते. पण वर्षानुवर्षांच्या वापराने पट्ट्याही झिजतात आणि किल्लीचे दातही. मग झिजलेल्या लॉकला दुसऱ्याची झिजलेली किल्लीही चालून जाते. सोपानरावांनी हँडल लॉकही केलेले नव्हते. म्हणजे हँडल डावीकडे वळवून, किल्लीने अडकवून ठेवण्याचे कष्टही घेतले नव्हते. मी त्यांना कारण विचारले.

"दवाखान्यात कोण चोरतंय?" ते म्हणाले.

आबा तीनच्या सुमारास सोपानरावांची गाडी घेऊन आले. माळकरी, शांत, अपराधाचा लवलेश नाही.

"आबा, मासळीचा वास न्हाय आला तुमाला?" सोपानरावांनी विचारले.

"आला की. दवाखान्याचा वाटला. आन् बाबा, तुझा ब्रेक लागत न्हाय. काष्टीच्या बाजारातला बैल समोर आला तर मेलो असतो मी. नीट कर."

तक्रार मागे घेतो, असे सोपानरावांनी मॅनेजरसाहेबांना सांगितले. साहेब पांडुरंगकडे वळले. "नोकरी राहिली तुझी. पण उद्यापासून नाही, आत्तापासून नंबर तपासायचा. एकदा जरी चुकलास, तर थेट घरी."

डब्यातले टोकन मी आबांना परत दिले. आजींना भेटून ते आपली गाडी घेऊन गेटपाशी आले. पांडुरंगने एकदा माझ्याकडे पाहिले. मी मुद्दामच आकाशाकडे पाहत राहिलो.

"आबा, टोकन दाखवा. आन् ही गाडी तुमचीच हाय का?"

आबांनी गाडी बंद केली. "दुसऱ्याची नेली तवा हात जोडलेस. आता माझी नेतोय तर इचारतोस व्हय? आमच्या गावात आसं कुणी इचारत न्हाय."

"व्हय आबा. पण टोकन दाखवा."

पुटपुटत का होईना, आबांनी ते दाखवले. नंबर जुळला आणि साखळी सुटली.

झिजलेले लॉक-किल्ली बदलून घ्यावे, हँडल लॉक करावे आणि किल्ली लागली तरी नंबर वाचावा, असा फलक मी गेटवर लावला आहे. त्याच्याखालीच लोक किल्ली गाडीला तशीच ठेवून आत जातात.