पान १४२ ते १५१

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. ज्यांच्याबरोबर भिंती रंगवल्या, मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडलो, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय. पण त्याआधी एक — यात नदी आहे आणि एक लहान मूल आहे. ज्यांना ते वाचायचं नसेल त्यांनी इथेच थांबावं. मला राग येणार नाही. एके काळी आला असता. तीच तर गोष्ट आहे.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. पत्रकाची शिस्त सोपी असते — पहिल्या ओळीत आरोप, दुसरीत आरोपी, शेवटी मागणी. आणि पत्रकात 'मी' कधी नसतो, 'आम्ही' असतो. आम्ही विचारू इच्छितो. आम्ही निषेध करतो. इतकी वर्षं त्या 'आम्ही'च्या आत मी आरामात बसलोय. आज आरोपी मीच आहे आणि मागणी काही नाही. म्हणून हात अडखळतोय.

सात वर्षांपूर्वी मी जळगावात कॉलेजात होतो. दर रविवारी दुपारी सायकल काढून तिथल्याच पिंप्राळ्याला नानांकडे जायचो. नाना माझे कुणी नव्हेत. मूळचे धुळ्याकडचे, पण उभी नोकरी वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, पॅकिंगला. निवृत्त झाल्यावर जळगावात राहिले आणि त्यांनी एक पेटी सुरू केली. निळी पत्र्याची ट्रंक, आत तीसेक कादंबऱ्या. ही पेटी एसटीनं फिरायची — महिनाभर नशिराबादला, महिनाभर फैजपूरला, महिनाभर वरणगावला. प्रत्येक गावी एक बाई ती सांभाळायची, आजूबाजूच्या बायका पुस्तकं न्यायच्या. पेटी परत आली की आम्ही दोघं ती उघडायचो, फाटकी पानं चिकटवायचो, नवी पुस्तकं भरायचो.

त्या दुपारी मला अजून आठवतात, आणि आठवल्या की बरं वाटतं — हीच पंचाईत आहे. कूलरचा ओला वास. नानांनी स्टोव्हवर शिजवलेली कणकेची खळ. फैजपूरहून पेटी आली की आत पुस्तकांखाली हमखास केळी असायची, कुणीतरी मुद्दाम ठेवलेली. एकदा एका कादंबरीची शेवटची दहा पानं गोड होऊन एकमेकांना चिकटली होती. नाना ती सुरीनं सोडवत म्हणाले, "फैजपूरवालीस्नी शेवट बी पिकवी दिधा."

आणि चिठ्ठ्या. नाना प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, फक्त वरच्या कडेला खळ लावून, एक चिठ्ठी डकवायचे. चौकोनी, ठोकळ्यासारखं अक्षर — खोक्यांवर रंगानं लिहितात तसं. 'आत' असं लिहून दोन टिंबं, आणि पुढे मोजके शब्द. 'आत: सासूचा जाच. शेवट बरा.' 'आत: जाळपोळ, पान ६०च्या पुढे. जेवताना वाचू नये.' 'आत: काही नाही. नुसता प्रेमभंग.' एका पुस्तकावर होतं, 'आत: कुत्रा मरतो.' ते फैजपूरहून आलं तेव्हा खाली पेन्सिलीनं कुणीतरी जोडलं होतं — 'पण नंतर पिल्लू येतं.' नाना आठवडाभर हसत होते.

कारखान्यात, ते सांगायचे, खोक्यावर लिहिल्याशिवाय खोकं जागचं हलत नसे. आत काय आहे हे उघडणाऱ्याला उघडण्याआधी कळलं पाहिजे. "बठ्ठं नही सांगानं," ते म्हणायचे, "पन मझार काय शे, तेवढं सांगानं." बठ्ठं म्हणजे सगळं, मझार म्हणजे आत.

मला हे पटत नव्हतं. पटत नव्हतं म्हणजे — संताप यायचा. तेव्हा नुकताच एका युवक गटात जायला लागलो होतो, पत्रक कसं लिहायचं ते शिकत होतो, आणि जगातली प्रत्येक गोष्ट मला कुणाच्या तरी दडपशाहीसारखी दिसत होती. साहित्यानं हादरवलं पाहिजे. वाचक म्हणजे आजारी माणूस नव्हे. बायकांना नाजूक ठरवून त्यांच्या हातातलं पुस्तक आधीच बोथट करणारा हा म्हातारा कोण? हे मी नानांना तोंडावर ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. ते खळ ढवळत होते. म्हणाले, "तू पत्रक वाटस ना रे भो? त्यानावर सगळ्यात वर काय लिखस?"

"विषय," मी म्हणालो.

"मंग मी बी विषयच लिखस."

ज्याला उत्तर सुचत नाही असा पत्रकवाला फार वाईट असतो. हे आता कळतं.

त्या पेटीत एक कादंबरी नव्यानं आली होती. नाव सांगत नाही. मी ती अकरावीत वाचली आणि बदललो — खरंच, त्या एका पुस्तकानं मला गटात नेलं, मोर्च्यात नेलं. तिच्यात मध्यावर दहा पानं आहेत. एक आई, नदीचा काठ, आणि तिचं सहा वर्षांचं पोर. त्याहून जास्त सांगत नाही. त्या दहा पानांसाठीच ते पुस्तक लिहिलेलं आहे असं मी मानायचो. आणि नानांची चिठ्ठी काय म्हणत होती? 'आत: नदी. लहान मूल. पान १४२ ते १५१. सोडून वाचलं तरी गोष्ट कळते.'

सोडून वाचलं तरी. ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. माझ्या छातीतली दहा पानं कुणी सोडून वाचावीत?

एका रविवारी पेटी नशिराबादला जायची होती. सगळ्या चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. नाना दूध आणायला कोपऱ्यावर गेले. मी ते पुस्तक काढलं आणि चिठ्ठी सोडवली. खळ अजून ओली होती, त्यामुळे फाटलीसुद्धा नाही, अलगद निघाली. बोटानं खळीचा डाग पुसला. चिठ्ठी वहीत ठेवली. नाना आले, आम्ही चहा प्यालो, पेटीला कुलूप लागलं.

लपवायचं असं तेव्हा ठरवलं नव्हतं. उलट सांगायचंच होतं. महिन्यानं पेटी परत आली की मी चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवणार होतो आणि म्हणणार होतो — बघा, वाचली ना सगळ्यांनी? काही झालं? माझा प्रयोग होता तो. 'वाचकाला पूर्ण पुस्तकाचा हक्क आहे' असं पत्रकाचं शीर्षकही तयार होतं.

महिना पुरा व्हायच्या आधीच मंगलाताई आल्या.

मंगलाताई नशिराबादच्या अंगणवाडीत होत्या. तिथली पेटी त्याच सांभाळायच्या, आणि पेटी उघडली की पहिलं पुस्तक त्यांचं. नाना म्हणायचे, पेटीतली पुस्तकं त्यांच्याइतकी कुणीच वाचली नाहीत. त्या दुपारी त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन दारात उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. फक्त म्हणाल्या, "नाना, यात चिठ्ठी नव्हती. मला वाटलं, चिठ्ठी नाही म्हणजे काही नाही."

याचा विचार मी केलाच नव्हता. मला वाटलं होतं मी एक कागद काढतोय. पण इतक्या वर्षांच्या सवयीनंतर कोऱ्या पहिल्या पानाचाही एक अर्थ होता — वाच, घाबरू नको. तो अर्थ नानांच्या नावावर मी लिहिला होता.

नानांनी पुस्तक हातात घेतलं. पहिलं पान उघडलं, कडेवरून अंगठा फिरवला. मग चष्मा काढला.

"भुली गऊ मी, ताई," ते म्हणाले. "म्हातारा झालो. भुली गऊ."

मी तिथे होतो. चार हातांवर, खुर्चीत, हातात चहाचा कप. वही माझ्या पिशवीत होती आणि चिठ्ठी वहीत. एक वाक्य पुरलं असतं. ज्या तोंडानं मी चौकात तहसीलदाराला जाब विचारायचो त्या तोंडातून एक वाक्य निघालं नाही. मी काय केलं सांगू? मी उठून मंगलाताईंना पाणी आणून दिलं. त्यांनी घेतलं, आणि मला "असू दे रे बाळा" म्हणाल्या.

मंगलाताईंनी पेटी परत पाठवली, दुसऱ्या कुणाकडे द्या म्हणून निरोप दिला. त्यांनी पुढे एकही पुस्तक नेलं नाही. पण नानांचं जे झालं ते हळूहळू झालं, आणि दर रविवारी माझ्यासमोर झालं. ते प्रत्येक पुस्तक दोनदा उघडून पाहू लागले, मग तीनदा. लावलेल्या चिठ्ठ्यांची वेगळी यादी करू लागले. मला विचारायचे, "हाई दखं बरं, शे ना?" मी बघायचो. "आहे, नाना." दूध आणायला निघाले की दारातून परत फिरायचे, स्टोव्ह बंद केला का ते पाहायला. स्टोव्ह बंदच असायचा. तो माणूस काहीही विसरत नव्हता. एकदाही विसरला नव्हता. हे जगात एकट्या मला माहीत होतं. सहा महिन्यांनी ते म्हणाले, आता भरवसा नाही, चुकून अजून कुणाला लागेल. पेटी बंद झाली. मुलगा येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेला.

इथे थांबलो तर तुम्ही मला एक मूर्ख, भित्रा पोरगा म्हणाल आणि सोडून द्याल. पण मी अजून मूळ गोष्ट सांगितलेली नाही. इतका वेळ तिच्याभोवतीच फिरतोय.

मला माहीत होतं.

ती चिठ्ठी लिहिताना नानांनी मला सांगितलं होतं. मंगलाताईंचा मुलगा वाघूर नदीच्या पाण्यात गेला होता, सहा वर्षांचा असताना. "बाकीनास्ले नसती तरी चाललं असतं," नाना म्हणाले होते, "हाई तिनासाठी शे." त्यांना वाचायचं असेल तर वाचतील, नसेल तर ती पानं उलटतील, पण पाण्याजवळ आपण चाललोय हे त्यांना आधी कळू दे. हे सगळं ऐकून, समजून, मी ती चिठ्ठी काढली. नशिराबादला पेटी उघडल्यावर पहिला हात कुणाचा पडतो हेही मला ठाऊक होतं. मला तर वाटलं होतं — आज हे लिहितानाही लाज वाटते — की ती पानं सगळ्यात खोल त्यांनाच पोचतील. माझं आवडतं पुस्तक खरं ठरवायला मला त्या बाईचं दुःख हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सभेसाठी धुळ्याला गेलो होतो. तिथे देवपुरात नानांच्या मुलाचं घर आहे. चिठ्ठी खिशात घेऊन गेलो होतो, द्यायचीच म्हणून. नाना वाळले आहेत, पण मला लगेच ओळखलं, नावानिशी. घरभर त्यांचं चौकोनी अक्षर होतं. डब्यांवर 'आत: साखर', कपाटावर 'आत: स्वेटर', दाराच्या आतल्या बाजूला 'गॅस पाहणे'. मुलगा हसत म्हणाला, "एक दिन आम्हनावर बी चिपकाडतीन." नानाही हसले. मग मुलगा आत गेल्यावर माझ्या जवळ सरकले.

"तू व्हता ना रे तठे, पेटी भरताना? मी टाकेल व्हती का चिठ्ठी?"

इतकी वर्षं तो माणूस हेच शोधत होता. आणि विचारत कुणाला होता?

मी म्हणालो, "आठवत नाही, नाना."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तुले बी नही आठवत?" आणि माझ्या हातावर थोपटलं. समजूत काढत होते माझी. बसमध्ये बसून मी जळगावला परत आलो. चिठ्ठी खिशातच होती.

आता हे लिहून झालं आहे. छापून आलं की दोन लिफाफे जातील. एक नशिराबादला, त्यावर मी लिहिलंय — 'आत: नदी. चिठ्ठी काढणाऱ्याचं नाव. न उघडता ठेवलं तरी चालेल.' दुसरा धुळ्याला, जुन्या चिठ्ठीसकट. त्यावर पत्त्याच्या वर जागा थोडी आहे, म्हणून अक्षर बारीक काढलंय, पण चौकोनी.

'आत: चिठ्ठी. नाना, तुम्ही लावली होती. मी काढली.'