आठ खाचांची प्लेट

मी लिहिणारा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि प्रोजेक्टच्या रिपोर्टापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मी एका दुपारी स्वतःच घालवला. तरी लिहितोय, त्याबद्दल माफ करा. राग मनात ठेवून ठेवून आता तो कुणावर आहे हेच कळेनासं झालंय, म्हणून लिहितोय.

वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात ते मिलिंग मशीन चालवायचे. कापलेली प्लेट मशीनवरून काढली की ती डोळ्यांसमोर आडवी धरायची, गाल फुगवून खाचांमधून फुंकर मारायची, आणि मग आपल्याकडे न बघता म्हणायचं, "आधी फुंक, मग बोल." माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य हेच. मी ड्रॉइंग घेऊन गेलो होतो आणि बहुतेक फार बोलत होतो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती आपल्यावर ओरडतात आणि ओरडता ओरडता आपलं काम करून देतात. मला ते 'कॉलेज' म्हणायचे. "ए कॉलेज, चहा पितोस का? पी. चेहरा बघ, उपाशी पेपर दिल्यासारखा."

या प्लेटा ग्रॅफाइटच्या; कापताना काळी बारीक पूड उडते. ती ओढून घेणारा पंप बसवा, असं सांगून ते थकले होते. शेठने पंप बसवला नाही. आपल्या ऑफिसला काचेचं दार बसवलं, पूड आत येऊ नये म्हणून.

आमचं प्रोजेक्ट हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलचं होतं. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा, मध्ये एक पातळ पडदा. वीज तयार होते आणि तिच्याबरोबर पाणीही. सगळी कटकट या पाण्याची. पडदा ओला राहिला पाहिजे, सुकला की सेल दम सोडतो. पण पाणी जास्त झालं तर थेंब खाचांमध्ये बसतात, हवा अडते आणि सेल बुडतो. हवेची आणि पाण्याची ने-आण करणाऱ्या या खाचा प्लेटवर कापायच्या असतात. सरांच्या ड्रॉइंगमध्ये शेजारी शेजारी आठ सरळ खाचा होत्या.

त्यांनी ड्रॉइंग पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी काढलं?"

"आमच्या सरांनी."

"सरांच्या घरी वाडी नाय वाटतं."

त्यांच्या घरी होती. होळी गावात, पालेभाजीची. सकाळी वाफ्यांना पाणी सोडून मगच ते वालीवला यायचे. तरी त्यांनी प्लेट ड्रॉइंगप्रमाणे कापली, एक केसभरही फरक न करता. मग तिच्यावर काच दाबून धरली, एका खाचेत पाण्याचा थेंब सोडला आणि नळीने मला फुंकायला लावलं. हवा बाकीच्या सात खाचांतून सुळकन निघून गेली. थेंब जागचा हलला नाही.

"बघितलंस? आठ दारं उघडी ठेवलीस तर वारा बंद दाराशी कशाला भांडेल? आम्ही आठ सऱ्या एकदम फोडत नाय. पाणी सोप्या सरीने पळतं, कोपऱ्यातली माठाची भाजी जळते. जा, सांग तुझ्या सरांना."

मी सांगितलं. सर हसले. "मशीनवाल्याला विचारून डिझाइन करायचं का आता?" वर्गातली मुलंही हसली. मी पण थोडा हसलो. हे लिहायला नको वाटतंय, पण हसलो.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. सेलला आम्ही एक चिमुकला पंखा जोडला होता. तो फिरला, टाळ्या पडल्या. थोड्या वेळाने मंदावला, अडखळला आणि थांबला. खाचांमध्ये पाणी बसलं होतं. मला कळलं होतं आणि सरांनाही कळलं असणार.

सर परीक्षकांना म्हणाले, "वर्कशॉपने खाचा नीट कापलेल्या नाहीत. खोली सगळीकडे सारखी नाही." मग माझ्याकडे वळले. "काय रे, तूच आणलीस ना प्लेट? बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "हो सर."

मला कुणी धमकावलं नव्हतं. शिकलेल्या माणसाने विचारलं की मान हलवायची, एवढंच मी घरून शिकून आलो होतो. माझे वडीलही बँकेत, शाळेत, दवाखान्यात असेच मान हलवत उभे राहतात. त्यासाठी मला त्यांचा राग यायचा. त्या दिवसानंतर तो अधिकार गेला.

सरांनी परीक्षकांसमोरच शेठला फोन लावला. कॉलेजचं बरंच काम त्या गाळ्यात जायचं. शेठने आपल्याकडे सोळा वर्षं काम केलेल्या या कारागिराला पुढच्या एक तारखेपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी मी वालीवला गेलो. ते मशीन पुसत होते. मला पाहून त्यांनी खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्लेट काढली आणि माझ्या हातावर आपटली. उरलेल्या तुकड्यातून कापलेली. तिच्यावर एकच खाच होती, वळत वळत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली.

"एकच वाट ठेवलीय. वाऱ्याला पळायला दुसरी जागा नाय. थेंब समोर आला तर ढकलावाच लागेल. आणि वारा कोरडा मारू नको, पडदा मरेल. बुडवायचं नाय आणि सुकवायचं पण नाय. कळलं का? का परत मुंडी हलवतोस नुसती?"

"काका, शेठ तुम्हाला काय म्हणाले?"

"ते शेठला विचार. चल हो बाजूला, उजेड अडवू नको."

त्यांना माझं काही माहीत नाही, असं वाटून मला सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेची मला अजून किळस येते.

नव्या प्लेटवर पंखा संपूर्ण दुपार फिरला. रिपोर्टमध्ये 'सुधारित रचना' सरांच्या नावावर गेली. आभारात काकांचं नाव घालू का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "मग टेबल बनवणाऱ्या सुताराचं पण घाल." मी नाव घातलं नाही. मला चांगले मार्क मिळाले.

निकाल लागल्यावर मी एक कागद लिहिला. पहिल्या प्लेटच्या खाचा अचूक होत्या, रचना चुकली होती, मी खोटं बोललो. खाली सही केली. शेठने तो काचेच्या दाराआड वाचला आणि परत दिला. "आता दुसरा माणूस ठेवलाय. आणि हे तू तुझ्या सरांना दे ना. मला कशाला?"

सरांच्या टेबलावर एक प्रत ठेवून आलो. त्यांनी अजून काही विचारलेलं नाही. मग होळी गावात काकांच्या घरी गेलो.

काकी ओट्यावर माठाच्या जुड्या बांधत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हातातली जुडी बांधून पुरी केली.

"आहेत घरात. पण तुला भेटायचे नाहीत."

मी कागद पुढे केला. चुकलं म्हणून सांगायला आलोय, त्यांना बहुतेक माहीत नसेल, असं काहीतरी बोललो.

"माहीत नसेल?" काकी म्हणाल्या. "त्या दिवशी खाडा करून आले होते ते तुमच्या कॉलेजात. पंखा फिरताना बघायचा होता. दाराबाहेरच उभे होते. तू सरांना काय म्हणालास ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय त्यांनी. आणि दुसऱ्या दिवशी वाफे तसेच टाकून तुझी प्लेट कापायला पळाले. मी म्हटलं, कशाला मरता त्याच्यासाठी? तर त्याचा सेल बुडलाय, तुला काय कळतं, म्हणून माझ्यावरच खेकसले."