दोन आणि दोन बावीस

मिलमध्ये प्रभावतीला चेहऱ्याने ओळखणारे थोडेच होते, आवाजाने मात्र तिला अख्खी मिल ओळखायची. टाइम ऑफिसच्या मागे एक चिंचोळी खोली होती. तिथे बसून ती टेलिफोनचा बोर्ड सांभाळायची. बोर्डावर भोकांच्या रांगा आणि प्रत्येक भोकापाशी एक इवलासा दिवा. दिवा लागला की दोरीचं टोक त्या भोकात खुपसायचं, "बोला जी" म्हणायचं आणि ज्याला जो हवा असेल त्याच्याशी त्याची गाठ घालून द्यायची. विणाई खात्यातला मास्तर घरी भांडून आलाय की जेवून आलाय, हे तिला त्याच्या नुसत्या "हॅलो"वरून कळायचं. पण कानावर पडलेलं पोटातच राहायचं. त्या बाबतीत ती पक्की होती.

हे तिच्या घरातूनच आलं होतं म्हणा ना. तिचे वडील, आबा, इंदूरजवळच्या महूला फौजेच्या सिग्नल विभागात, म्हणजे तारा-टेलिफोनच्या कामावर होते. इतर पोरी भातुकली मांडायच्या तेव्हा प्रभा आगपेटीच्या दोन खोक्यांना दोरा बांधून अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाला बोलायची, आणि पलीकडे आबा गंभीर चेहऱ्याने "रिपोर्ट दे" म्हणत बसायचे.

नव्वदनंतर इंदूरच्या मिलचे भोंगे एकेक करून गप्प झाले. प्रभावतीची मिलही त्यातच गेली. यंत्रं थांबली तरी तिचा बोर्ड काही दिवस चालूच होता, कारण बाहेरच्यांना अजून खबर नव्हती. सुरत, अहमदाबादहून व्यापाऱ्यांचे फोन यायचे, "माल कधी निघतोय?" आणि रिकाम्या मिलमध्ये बसलेली ही बाई सगळ्यांना शांतपणे सांगायची, "मिल बंद झाली जी." काही जण हळहळायचे, काही जण "आणि तुमचं काय, बाईजी?" असं विचारायचे. तिने तो बोर्ड सोडला त्या दिवशी सगळ्या दोऱ्या नीट गुंडाळून जागच्या जागी ठेवल्या आणि खोलीला कुलूप लावून किल्ली चौकीदाराच्या हातात दिली.

तिचा नवरा वाल्मिक त्याच मिलमध्ये इलेक्ट्रिक खात्यात होता. त्याने हातपाय गाळले नाहीत. राजवाड्यामागच्या एका बोळात त्याने विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करून द्यायचं दुकान टाकलं. "मिल बंद पडली म्हणून काय पंखे जळायचे थांबणार आहेत?" असं तो हसत म्हणायचा, आणि खरंच, उन्हाळा लागला की जळके पंखे आणि कूलरच्या मोटारी घेऊन माणसं रांग लावायची.

प्रभावतीची गाडी मात्र रुळावर येईना. छत्रीबागेतल्या घराजवळच एका एसटीडी बूथवर तिला काम मिळालं. पण तिथे माणसं स्वतःच नंबर फिरवायची, काचेआड स्वतःच बोलायची, आणि मशीन पावती काढायचं. तिने ती फाडून हातात द्यायची, बस.

"फोन आहे, पण माझं काही कामच नाही तिथे," ती वाल्मिकला म्हणायची. "मी बसू राहिली नुसती, पुतळ्यासारखी."

अशी काही वर्षं गेली. मग भंवरकुआंला जयसिंगराव नावाच्या गृहस्थांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला. त्या काळात भंवरकुआंला जिकडे पाहावं तिकडे अशाच पाट्या लागत होत्या. जयसिंगरावांना काउंटरवर फोन घ्यायला कोणीतरी हवं होतं. प्रभावतीचा आवाज ऐकून त्यांनी तिला लगेच ठेवून घेतलं, आणि एक सवलतही दिली. दुपारी काउंटरवर गर्दी नसते, तेव्हा हवं तर एखाद्या बॅचमध्ये मागे बसावं.

दुपारची बॅच स्मिता मॅडम घ्यायच्या. पुण्याची मुलगी, वय जेमतेम सव्वीस. नवऱ्याची नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात, म्हणून इंदुरात आलेल्या. पहिल्याच दिवशी प्रभावतीने त्यांना विचारलं, "मॅडमजी, मी मागे बसून राहू का?" तेव्हा त्या गोंधळल्या आणि म्हणाल्या, "बसा ना! पण बसूनच का राहायचं? मध्ये उठलात तरी चालेल." इंदुरी मराठी आणि पुणेरी मराठी यांची ही पहिली टक्कर. पुढे वर्षभर अशा टकरी होत राहिल्या आणि दोघींना त्यात मजाच येत गेली.

पहिले काही आठवडे प्रभावतीच्या डोक्यावरून पाणी गेलं. माउस टेबलाच्या कडेपर्यंत जायचा आणि तिला वाटायचं, आता पुढे जागा संपली, बाण कसा न्यायचा? शेजारचा अनीश नावाचा कॉलेजचा मुलगा तिला "काकीजी, उचलून परत मध्ये ठेवा" सांगून सांगून थकला. घरी येऊन ती म्हणाली, "अहो, माझ्याच्याने नाही होणार." वाल्मिक मोटारीची तार गुंडाळत होता. तो म्हणाला, "पहिली मोटार मी बांधली ना, ती उलटी फिरली होती. पंखा वारा वर फेकायचा, छताला." ती हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

मग एका दुपारी मॅडमनी विज्युअल बेसिक सुरू केलं. आतापर्यंत शिकवलेला प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ चालायचा. हा तसा नव्हता. "हा चालू होतो आणि गप्प बसतो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बटण दाबाल तेव्हाच तो जागा होतो, आणि त्या बटणाला जे सांगून ठेवलंय तेवढंच करतो." पोरांचे चेहरे कोरे होते. मग सुरुवात कुठून होते? शेवट कुठे?

प्रभावती मागच्या बाकावर ताठ झाली. दिवा लागेपर्यंत बसून राहायचं. ज्या भोकाचा दिवा लागेल, त्याचंच काम करायचं. मग परत बसायचं. एवढी वर्षं ती दुसरं काय करत होती?

"मॅडमजी," ती न राहवून बोलली, "मतलब हे तर आमच्या बोर्डासारखं झालं ना? ऑपरेटर बसून आहे, दिवा लागला की उठते?"

स्मिता मॅडमनी टेलिफोनचा असला बोर्ड उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी प्रभावतीला फळ्यापाशी बोलावलं आणि खडू हातात दिला. प्रभावतीने भोकं काढली, दिवे काढले, दोऱ्या काढल्या. मॅडम तिच्याकडून समजून घेत राहिल्या, आणि पोरं मॅडमकडून. त्या दिवसापासून ती मागच्या बाकावरून दुसऱ्या बाकावर आली.

बॅच संपायच्या आधी प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा होता. पोरांनी गाड्यांचे खेळ, घड्याळं, काय काय निवडलं. प्रभावतीने कॅल्क्युलेटर घेतला. पडद्यावर दिसणारा, बटणं दाबता येतील असा, साधा, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकाराचा.

पहिल्या दिवशी तिने बटणंच मांडली. चौकोन ओढायचा, त्यावर आकडा लिहायचा. दुसरा ओढायचा, तिसरा ओढायचा. एक, दोन, तीन वरच्या ओळीत आले, शून्य सगळ्यात खाली. मॅडमनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "ताई, हे उलटं झालंय. सात, आठ, नऊ वर हवेत."

"का बरं? एक-दोन-तीन वरच असतात की."

"कॅल्क्युलेटरवर नसतात."

"फोनवर असतात!"

दोघींनी काउंटरवरचा फोन आणि जयसिंगरावांच्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोघीही खऱ्या! मग दोघी इतक्या हसल्या की जयसिंगराव केबिनमधून बाहेर आले. प्रभावतीने नाखुशीने सगळी बटणं उचलून नव्याने मांडली. आणि तिला आश्चर्य वाटलं ते याचं, की सातचं बटण खालून वर गेलं तरी त्याला सांगितलेलं काम त्याच्याबरोबरच गेलं होतं. दाबलं की सातच उमटत होता. घरी तिने हे सांगितलं तेव्हा वाल्मिक इंदुरी थाटात म्हणाला, "आपल्यासारखंच आहे भिया. जागा बदलली, हातातलं काम नाही गेलं."

मग हिशेब करायची वेळ आली. तिने मॅडमच्या मदतीने ओळी लिहिल्या, पुन्हा पुन्हा वाचल्या, आणि नऊमधून चार वजा करून पाहिले. पाच. सहा गुणिले सात, बेचाळीस. आठ भागिले दोन, चार. तिचा ऊर भरून आला. मग तिने शेवटी ठेवलेलं सगळ्यात सोपं गणित करून पाहिलं. दोन अधिक दोन.

पडद्यावर आलं, बावीस.

तिने पुन्हा केलं. बावीस. तीन अधिक पाच, पस्तीस. वजाबाकी बरोबर, गुणाकार बरोबर, भागाकारसुद्धा बरोबर, आणि बालवाडीतल्या पोराला येते ती बेरीज चुकत होती! अनीश पोट धरून हसला. "काकीजी, ये कॅल्क्युलेटर मेरे को दे दो, परीक्षेचे मार्क याच्यावर जोडतो." प्रभावतीलाही हसू आवरेना. पण संध्याकाळी सवारी टेम्पोत बसून जाताना तेच डोक्यात घोळत राहिलं. दोघांना शेजारी बसवलं यंत्राने, मिळवलं नाही. का?

स्मिता मॅडमना उत्तर ठाऊक होतं, पण त्या गालात हसत म्हणाल्या, "शोधा. सापडेल." दोन दिवस तिने ओळ न् ओळ वाचली. पुस्तक उघडलं, हिंदीत अर्थ विचारला, मराठीत पुन्हा मनाशी म्हटला. आणि मग उलगडलं. कॅल्क्युलेटरच्या आकडे दाखवणाऱ्या खिडकीत उमटलेले दोन हे यंत्राच्या लेखी आकडा नव्हतेच, नुसतं अक्षर होतं, जसं "क" किंवा "ख". आणि अक्षरांच्या मध्ये अधिकची खूण घातली की यंत्र ती एकापुढे एक जोडतं. वजाबाकी-गुणाकार अक्षरांचा होतच नाही, म्हणून तिथे ते आपण होऊन आकडे समजून घेत होतं. बेरजेच्या वेळी त्याला बजावून सांगायला हवं होतं, की बाबा, हे आकडे आहेत. तिने दोन्हीकडे एकेक शब्द घातला. दोन अधिक दोन, चार.

"मॅडमजी!" ती एवढ्याने ओरडली, की शेजारच्या खोलीतली बॅच थांबली.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. वाल्मिक दुकान बंद करून, धुतलेला शर्ट घालून आला. महूहून आबाही आले. पंचाहत्तरीचे, पण पाठ अजून काठीसारखी सरळ. दारातच त्यांनी सगळ्यांना "जय भीम" केला, जयसिंगरावांशी हात मिळवला आणि लेकीच्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले.

प्रभावतीने बेरीज दाखवली, गुणाकार दाखवला. कौतुक झालं. मग आबा म्हणाले, "आता मला चालवू दे. नवं यंत्र आलं की आधी ते पडतं कसं ते बघायचं, आम्हाला हेच शिकवलंय." त्यांनी सावकाश माउस हलवला, पाच दाबले, भागाकार दाबला, आणि बराच विचार करून शून्य दाबलं. मग बरोबरची खूण.

टुणकन आवाज झाला. पडद्यावर इंग्रजीत एक राखाडी चौकट आली आणि कॅल्क्युलेटर होता तिथेच ठप्प झाला.

वाल्मिकने उगाच खिशातला रुमाल काढला. स्मिता मॅडम पुढे सरसावल्या, पण आबांनी हाताने त्यांना थांबवलं. "पोरी," ते म्हणाले, "लाइन तुटली. जोड."

प्रभावतीचे कान तापले होते. पण पाच वस्तू शून्य माणसांत वाटायच्या तर कशा वाटणार? यंत्राला ते सांगता येत नव्हतं, म्हणून ते बिचारं आडवं पडलं होतं. असं जोडून न मिळणारे फोन तिने आयुष्यभर घेतले होते. तेव्हा ती काय करायची? पडायची थोडीच! समोरच्याला नम्रपणे सांगायची. ती खुर्चीवर बसली आणि सगळ्यांसमोर टाइप करू लागली. भागणारा आकडा शून्य असेल तर भागूच नको, खिडकीत एवढंच लिही. मराठी अक्षरं तिथे उमटत नव्हती, म्हणून तिने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं.

"आता दाबा, आबा."

आबांनी पुन्हा पाच, भागाकार, शून्य, बरोबर असं दाबलं. खिडकीत आलं, "लाइन लागत नाही जी."

आधी अनीश हसला, मग स्मिता मॅडम, मग सगळी खोली. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्ची मागे सारली, उठून उभे राहिले आणि लेकीला कडक सॅल्यूट ठोकला. तेव्हा प्रभावतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि वाल्मिकच्या हातातला रुमाल कामी आला.

जयसिंगरावांनी पुढच्या महिन्यात काउंटरवर दुसरी मुलगी ठेवली आणि प्रभावतीला लॅब सांभाळायला दिली. तिने मग दुपारची एक बॅच फक्त बायकांसाठी काढायला लावली. कोणी येईल की नाही अशी सगळ्यांना धास्ती होती. पहिल्याच दिवशी दारात एक बाई चप्पल हातात घेऊन घुटमळत उभी राहिली. मिलच्या रीळ खात्यातली इंदुमती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंच नव्हतं.

"इथे शिकवतात का जी?" इंदुमतीने विचारलं.

"शिकवतात ना. आत ये," प्रभावती म्हणाली.

इंदुमती चमकली. तिने डोळे मिटून क्षणभर कान दिला, आणि मग तिच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "अगं बाई! टेलिफोनवाल्या बाई ना तुम्ही? आवाज ओळखला मी!"

"चप्पल घाल गं आधी," प्रभावती म्हणाली, आणि तिला हाताला धरून पहिल्या खुर्चीवर बसवलं.