आबांच्या फोनवरचा ओटीपी

साथ ओसरल्यानंतरच्या काही वर्षांत आमच्या ऑफिसात सगळीकडे एकच शब्द ऐकू यायचा: जोडणी. दवाखान्याची नोंद एका सिस्टममध्ये, अंगणवाडीची दुसऱ्या, पेन्शनची तिसऱ्या. एकाच बाईला तीच माहिती तीन ठिकाणी सांगावी लागे, आणि तरी ती बुऱ्हाणपूरला मोठ्या दवाखान्यात आली की तिचं आधीचं काहीच कोणाला दिसत नसे. मी तेव्हा जिल्ह्याच्या ऑफिसात कंत्राटावर संगणकाचं काम पाहायचो. वय चाळिशीपुढे गेलेलं. नोकरी कायम होणार नाही हे कळून चुकलेलं, पण या कामात मात्र माझा जीव होता.

डोईफोडिया गावाकडचं एक अशक्त मूल दवाखान्यात आलं आणि अंगणवाडीत घेतलेली त्याची मागची सगळी वजनं डॉक्टरांना समोर दिसली, त्या दिवशी मी घरी पेढे नेले. बायकोनं विचारलं, "पगार वाढला का?"

"नाही. जोडणी झाली."

"मग पाव किलोत भागलं असतं," ती म्हणाली आणि पुडा उघडला.

दोन नोंदी एक करताना एक अडचण नेहमी यायची. दोन्हीकडे मोबाईल नंबर वेगवेगळे असत. लोक सिम बदलतात, जुना नंबर बंद पडतो, असं मी धरून चाललो आणि नियम सुचवला की जो नंबर अलीकडे भरला असेल तोच ठेवायचा. बैठकीत कोणी हरकत घेतली नाही. एकाच बाईनं दोन ठिकाणी दोन नंबर मुद्दाम दिले असतील, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग एके दिवशी खकनारकडच्या एका उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा फोन आला.

"सर, तुम्ही माझ्या एका बाईचा नंबर बदलून टाकला."

"मी कोणाचा नंबर बदलत नाही, सिस्टर. सिस्टम बदलते."

"मग सिस्टमला द्या फोन."

त्या म्हणाल्या, फोनवर बोलण्यासारखं नाही, बाईलाच घेऊन येते.

दोन दिवसांनी त्या आल्या. त्यांच्याबरोबर पंचविशीच्या आतली एक बाई होती, कडेवर लहान मुलगी. मुलीला डॉक्टरला दाखवायचं म्हणून घरून निघाली होती. माझ्यासमोरच्या खुर्चीवर ती अगदी काठावर बसली. आधी नर्सबाईच बोलत होत्या, मग तिनंच त्यांना थांबवलं.

"भाऊ, ही दुसरी पोरगी. हिच्या वेळी रक्त खूप गेलं. डॉक्टरनं सांगितलं, तीन वर्षं थांब. सासूबाई म्हणतात, पोरगा झाला का थांब. दिवस राहू नये म्हणून गोळ्या घेत होती तर त्यांना सापडल्या, चुलीत टाकल्या. मंग मी सुई घेते. तीन महिन्यांची."

"घरात कोणालाच माहीत नाही?"

"यांना माहीत आहे. पण आईसमोर बोलायची यांची छाती नाही."

सुईच्या नोंदीत तिनं नेपानगरच्या भावाचा नंबर दिला होता. अंगणवाडीत मात्र सासऱ्यांचा होता, घरात तोच फोन. अंगणवाडीतला नंबर अलीकडचा. माझ्या नियमानं भावाचा नंबर गेला आणि सासऱ्यांचा राहिला. पुढच्या सुईची तारीख आठवड्यावर आली होती, आणि तारखेआधी भोपाळच्या मुख्य सिस्टममधून आपोआप मेसेज येतो.

"सासरे फोन बघतात का?" मी विचारलं.

"आबा वाईट नाहीत," ती म्हणाली. "पण त्यांना वाचता येतं. अन् ते मोठ्यानं वाचतात. सगळे मेसेज. कंपनीचे बी."

नर्सबाई हसल्या. ती हसली नाही.

मी भोपाळला फोन लावला. तिकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "सर, मर्ज का बटन है, अनमर्ज का नहीं है. रिक्वेस्ट डाल दीजिए." मेसेज थांबवायची सोय जिल्ह्याच्या हातात नव्हती. उरला एकच मार्ग, नोंदीतला नंबर बदलून पुन्हा भावाचा घालायचा. आणि त्यासाठी ओटीपी लागणार होता. तो जातो नोंदीत असलेल्या नंबरावर, म्हणजे सासऱ्यांच्या फोनवर. ही अटही मीच मागितली होती, कारण काही केंद्रांवर लोकांच्या नावासमोर कर्मचारी स्वतःचेच नंबर भरून मोकळे होत होते.

हे सगळं मी त्या बाईला समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"पहिले दोन नोंदी होत्या ना? तशाच करून द्या परत."

"ते होत नाही, ताई."

"जोडता येतं अन् सोडवता येत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "साधा स्वेटर असता तर आम्हीच उसवला असता."

मग नर्सबाईंनी स्वतःचा फोन काढला. "आबांना मी ओळखते. तुम्ही ओटीपी पाठवा." मी त्या बाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मी बटण दाबलं. नर्सबाईंनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"आबा, मी नर्सबाई बोलते. तुमच्या मोबाईलवर आत्ता सहा आकडे आले असतील."

"आले. पण बँकवाले म्हणतात, कोणाले सांगू नका."

"बरोबर म्हणतात. पण हे बँकेचं नाही. तुमच्या नातीच्या नोंदीचं आहे."

"नातीचं है का? मंग लिहा."

त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचला. मग म्हणाले, "परत सांगू का? चुकायले नको." आणि पुन्हा सगळा वाचला. त्यांची सून माझ्यासमोर बसून तो आवाज ऐकत होती. मुलीनं आवाज ओळखला आणि फोनकडे हात केला, तेव्हा आईनं तिचं बोट हळूच धरून खाली घेतलं.

"झालं का?" आबांनी विचारलं.

"झालं."

"अजून काही लागलं तर सांगजा."

मेसेज नेपानगरला गेला. सुई वेळेवर झाली. त्या बाईचं काम झालं होतं आणि मी समाधानी असायला हवं होतं. पण त्या माणसानं दोनदा वाचून दाखवलेले आकडे माझ्या कानातून जाईनात. जी गोष्ट त्याच्यापासून लपवायची होती, ती लपवायला आम्ही त्याचीच मदत घेतली होती, आणि त्यानं ती किती आनंदानं केली होती. मी हे बायकोला सांगितलं.

"मग काय करायला हवं होतं? त्या पोरीनं परत जिवावर उदार व्हायचं?"

"तसं नाही."

"मग जेवा."

महिनाभरानं आबा स्वतः ऑफिसात आले. केळीच्या गाडीबरोबर मंडीत आले होते, तिथून विचारत विचारत माझ्या टेबलापर्यंत पोचले. पांढरा सदरा, खिशात फोन. त्यांची तक्रार साधी होती. नातीच्या वजनाचा मेसेज दर महिन्याला यायचा, तो बंद झाला.

नोंद एक, म्हणून नंबर एक. सुईचा मेसेज भावाकडे वळवला, तेव्हा वजनाचाही तिकडेच गेला. दुसरं कोणी हे केलं असतं तर त्याची चूक मी लगेच दाखवली असती.

"मी गावात सगळ्यांना वाचून दाखवतो," ते म्हणाले. "आता विचारतात, आबा, पोरगी वाळली का? नंबर कोणी बदलला, साहेब?"

"जोडणीत झालं."

"मंग परत जोडा ना."

"वेळ लागेल."

"बरं. मंग तुम्हीच पाहून सांगा, किती भरलं."

मी नोंद उघडली. वर मुलीची वजनं होती, आणि खाली त्याच पानावर आईची ओळ, सुईच्या दोन्ही तारखांसकट. आबांनी चष्मा लावला आणि टेबलावर ओणवले. मी मॉनिटर माझ्याकडे वळवला. "उन्हानं दिसत नाही," म्हणालो. ऊन खिडकीत होतं खरं, पण पडद्यावर नव्हतं. मी वजन वाचून दाखवलं.

"मागच्यापेक्षा वाढलं," ते खूश होऊन म्हणाले. "अजून काय लिहिलंय?"

"एवढंच."

त्यांनी विश्वास ठेवला. जाताना पिशवीतून केळ्यांची एक फणी काढून टेबलावर ठेवली. मी नको म्हणालो, तर म्हणाले, "मंडीत भाव नाही, तुम्ही तरी खा."

त्या संध्याकाळी मी भोपाळला पाठवायचं पत्र लिहायला बसलो, आणि तसं पत्र पुढे अनेकदा पाठवलं. प्रत्येक सेवेसाठी वेगळा नंबर ठेवता यावा, आणि कोणता मेसेज कोणाला जाईल हे ज्याची नोंद आहे त्याला आधी विचारावं, एवढंच मागणं होतं. तोवर आबा मंडीला आले की माझ्याकडे येत, मी पडदा वळवून वजन सांगे. त्यांना खोटं सांगितलं याची बोचणी कमी झाली नाही. पण त्यांनी पुन्हा विचारलं असतं, तर मी पुन्हा तेच सांगितलं असतं.

बऱ्याच उशिरानं सिस्टममध्ये ती सोय आली. सुनेला विचारून मी वजनासाठी आबांचा नंबर घातला. त्यानंतर आबा ऑफिसात आले नाहीत. त्यांना यायचं कारणच उरलं नव्हतं.

नर्सबाई मागे एका प्रशिक्षणात भेटल्या. चहा घेताना म्हणाल्या, "तुमच्या त्या बाईची तीन वर्षं पुरी झाली. तब्येत चांगली आहे आता."

"आणि पुढे?"

"पुढे काय, ती ठरवेल. तुमच्याकडे दिसेलच की. एक बटण दाबायचं."

जागेवर येऊन मी संगणक सुरू केला. तिची नोंद शोधायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी दुसऱ्या कामाची फाइल उघडली आणि संध्याकाळपर्यंत तेच करत बसलो.