चंडोलाच्या पिंजऱ्याखालचा सत्कार

"फहमिदा मॅडमला माणसांपेक्षा जनावरांचाच कळवळा," असे मुकुंदवाडीतील आमच्या गल्लीत बोलले जाई. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाई नायलॉनच्या मांजावरून पोरांच्या बापांना सुनावत. त्यांना चहाला बोलावताना लोक दोनदा विचार करीत.

उन्हाळ्यात शेजारच्या शिवशंकरभाऊंच्या मेहुण्याने नाथसागराच्या काठावरून पाणमांजराचे पिल्लू आणले. भाऊंनी ते गच्चीवरच्या टाकीत सोडले आणि नावात मांजर म्हणून वाटीभर दूध ठेवले. गल्ली मोबाइल घेऊन लोटली. मॅडमनी पिल्लाच्या बरगड्या पाहिल्या, तिथूनच वनखात्याला फोन लावला आणि भाऊंना सुनावले.

"हे मांजराच्या कुळातलं नाही, चांदी अस्वलाच्या कुळातलं आहे; तेही नावालाच अस्वल. त्याला मासे लागतात, आणि आई."

वनखात्याने पिल्लू नेले. पुढच्या रविवारी दुर्मीळ प्राणी वाचवल्याबद्दल गल्लीने सत्कार ठेवला, तो शिवशंकरभाऊंचा! शाल द्यायची होती मॅडमच्या हस्ते. खुर्ची मांडली होती भाऊंच्या ओसरीत, नेमकी चंडोलाच्या पिंजऱ्याखाली. गाता गाता आभाळात चढत जाणारा हा पक्षी. वर झेपावताना त्याचे डोके फुटू नये म्हणून पिंजऱ्याच्या छताला आतून कापड शिवले होते. एवढी काळजी घेणाऱ्या हातांना दार उघडावेसे मात्र कधी वाटले नव्हते.

मॅडमनी शालीची घडी मोडली नाही. "आधी चंडोल सोडा."

हशा पिकला. भाऊही हसले. "मॅडम, पाणमांजर धोक्यात हाय, तुम्हीच बोललात. ह्याची तर धोक्यातल्या प्राण्यांच्या जगाच्या यादीतबी कुणाला चिंता नाय म्हणतात."

"ते सस्तन, हा पक्षी, चिमणीच्या गणातला. त्याची जात धोक्यात आहे, याची अजून नाही. यादी एवढंच सांगते. कोंडून ठेवा, असं कुठं म्हणते? कायद्यानं दोघांनाही कोंडणं गुन्हा आहे."

"माळावर ढिगानं पडलेत, मॅडम. एकानं काय होतंय?"

मॅडमनी शाल खुर्चीवर ठेवली आणि पिंजऱ्याचे दार उघडून धरले. चंडोल क्षणभर दारात थबकला, मग समोरच्या विजेच्या तारेवरून दिसेनासा झाला. भाऊ उठून उभे राहिले. "आवो, माझा पक्षी! लई हौसेनं पाळला व्हता!"

"ढिगानं तर माणसंही आहेत, भाऊ. पिंजरा आता रिकामा आहे. बसा आत."