मामानं बसवलेला पंप

माझा मामा ट्रकची इंजिनं बांधतो, आणि बांधता बांधता भांडतो. एकदा एक ड्रायव्हर इंजिनाची ताकद वाढवून घ्यायला आला, तो सगळ्यात मोठा ऑइल पंप काखोटीला मारूनच.

"हा बसवा, प्रेशर दणकून येईल," तो म्हणाला.

"येईल की! आणि जास्तीचं ऑइल प्रेशर सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून परत खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जाईल. बेअरिंगला लागतं तेवढंच लागतं. इंजिनाला उगाच ओझं कशाला?" मामाचा पारा चढला. दोघं पार हमरीतुमरीवर आले. शेवटी मामानं मूळ मापाचाच नवा पंप बसवला, प्रेशर थोडं वाढावं म्हणून त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग तेवढी जरा कडक घातली आणि मोठ्या तोऱ्यात चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं, पण प्रेशरचा काटा शून्यावरून हलेना. मामानं घाईघाईनं इंजिन बंद केलं. ड्रायव्हर गालातल्या गालात हसू लागला.

डबा घेऊन आलेली मामी दारातूनच म्हणाली, "पंपात ऑइल भरून बसवलात ना?"

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. कोरडा पंप ऑइल ओढत नाही, हे तो आल्यागेल्याला शिकवतो. भांडणाच्या भरात स्वतःच विसरला होता. पंप उतरवला, ऑइलनं भरला, पुन्हा बसवला. काटा टुणकन वर!

आता गॅरेजच्या भिंतीवर मामीच्या अक्षरात पाटी आहे: "आधी पंप भरा, मग भांडा."

कुणी विचारलंच तर मामा गुरकावतो, "गिऱ्हाइकांसाठी लावलीय."